नावांची सूची आणि तिच्यातील चुका

जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते. ती कोणी पहिल्या शब्दापासून वाचत नाही. हवा तो शब्द शोधायचा, पृष्ठांक पाहायचा आणि ते पान उघडायचे, एवढाच तिचा उपयोग. पण सूचीत शब्द सापडला नाही, तर आपण काय समजतो? या ग्रंथात तो विषय आलेला नाही, असे. सूची करणाऱ्याकडून शब्द सुटला असेल, अशी शंका सहसा मनात येत नाही. ज्या साधनाची चिकित्सा या लेखात करायची आहे, त्याचे गुण आणि दोष तपासताना ही गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते. हे साधन ग्रंथांची नव्हे, तर संगणकाच्या आज्ञावलींची सूची करते.

शाळेत संगणक शिकवताना आपण आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहायला शिकवतो. वाचायला क्वचितच शिकवतो. संशोधनात परिस्थिती उलटी असते. दुसऱ्या कोणी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेली आज्ञावली हाती येते आणि तिच्यात एक ओळ बदलण्यापूर्वी पाच हजार ओळी समजून घ्याव्या लागतात. मोठ्या आज्ञावलीत शेकडो फाईली असतात. एका फाईलीत व्याख्या केलेले फंक्शन दुसऱ्या पन्नास ठिकाणी वापरलेले असते. वाचता वाचता अनोळखी नाव आले, की त्याची व्याख्या नेमकी कुठे आहे, हे सांगणारी यादी लागते. ती यादी तयार करणाऱ्या जुन्या व परिचित साधनाचे नाव आहे 'सीटॅग्ज'.

एका साधनाचा इतिहास

बर्कली येथील युनिक्स प्रणालीसाठी केन अरनॉल्ड यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सीटॅग्ज लिहिले. १९९० च्या दशकात डॅरेन हीबर्ट यांनी त्याचा मोठा विस्तार केला आणि 'एक्झ्युबरंट सीटॅग्ज' तयार झाले. त्याची ५.८ ही आवृत्ती २००९ साली आली, तीच शेवटची ठरली. पुढे अनेक देशांतील लोकांनी मिळून 'युनिव्हर्सल सीटॅग्ज' या नावाने ते काम चालू ठेवले. बेल प्रयोगशाळेत जो स्टेफन यांनी लिहिलेले आणि २००० साली सर्वांसाठी खुले झालेले 'सीस्कोप' हेही याच कुळातले.

सीटॅग्जची सूची अगदी साधी असते. एका ओळीत तीन गोष्टी: नाव, फाईल आणि फाईलीतली जागा. जागा सांगण्यासाठी ओळीचा क्रमांक देणे सोपे होते. पण वर दोन ओळी वाढल्या की खालचे सगळे क्रमांक चुकतात. म्हणून सर्वसाधारणपणे व्याख्येची ओळच खूण म्हणून लिहून ठेवतात. 'डावीकडून सातवे घर' असा पत्ता सांगण्याऐवजी 'पोस्टाला लागून असलेले घर' असे सांगावे, तसे हे आहे. मध्ये नवे घर बांधले गेले तरी पत्ता चुकत नाही.

ही सूची क्रमाने लावलेली असते. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधले पान उघडतो, शब्द पुढे आहे की मागे हे पाहतो आणि उरलेल्या अर्ध्या भागात पुन्हा तेच करतो. संपादनाची साधनेही तसेच करतात. दर वेळी यादी निम्मी होत असल्यामुळे दहा लाख नावांतून एक नाव शोधायला सुमारे वीस तुलना पुरतात. मात्र यासाठी सूची लावणाऱ्याचा आणि शोधणाऱ्याचा क्रम एकच असावा लागतो. दोघांचे क्रम वेगळे असले, तर सूचीत असलेले नावही 'नाही' म्हणून सांगितले जाते.

अंदाजाचे बळ

सीटॅग्ज आज्ञावली पूर्णपणे समजून घेत नाही. ते वरवर वाचून अंदाज करते. हा दोष वाटेल, पण तसे ठरवण्यापूर्वी एक उदाहरण पाहू.

सी भाषेत काही ओळी एका प्रकारच्या यंत्रासाठी व काही दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी लिहिण्याची सोय आहे. त्यामुळे कधी कधी एकाच फंक्शनला दोन सुरुवाती असतात आणि शेवट एकच. महिरपी कंस मोजत जाणाऱ्या साधनाला दोन कंस उघडलेले आणि एकच मिटलेला दिसतो. मग फाईलीच्या शेवटापर्यंतचे सगळे त्याला त्याच फंक्शनच्या पोटातले वाटते आणि पुढची सारी नावे सुटतात. एक्झ्युबरंट सीटॅग्जने यावर असा उपाय केला. आधी फक्त पहिली शाखा धरून वाचायचे. तरीही कंस जुळले नाहीत, तर फाईल पुन्हा वाचायची आणि या वेळी ओळीच्या अगदी पहिल्या स्थानी मिटणारा कंस हाच शेवट मानायचा.

हा नियम सी भाषेच्या व्याकरणात कुठेही नाही. तो माणसांच्या लिहिण्याच्या सवयीवरून घेतलेला आहे. बहुतेक लोक शेवटचा कंस समासाला चिकटवून लिहितात, म्हणून तो बहुतेक वेळा लागू पडतो. असा अंदाज करणाऱ्या साधनाचा मोठा फायदा म्हणजे ते अपुऱ्या, मोडक्या आज्ञावलीवरही चालते. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने मांडलेल्या 'लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल'नंतर भाषा खरोखर समजून घेणारी साधने सर्वत्र पसरली. ती अधिक अचूक आहेत, पण त्यांना पुष्कळदा सगळी सामग्री जागच्या जागी लागते. विद्यार्थ्याची अर्धवट फाईल वाचायची असेल, तर अंदाज करणारे साधन आजही उपयोगी पडते.

दोषांचे प्रकार

अंदाज चुकतो तेव्हा दोन गोष्टी घडतात: भलते नाव सूचीत येते किंवा खरे नाव सुटते. भलते नाव आले तर वाचणारा त्या जागी जातो, तिथे केवळ एक शेरा किंवा अवतरणातला मजकूर पाहतो आणि चूक त्याच्या ध्यानात येते. सुटलेले नाव असे स्वतःहून समोर येत नाही. ते सुटले आहे, हे सांगणारी कोणतीही खूण सूचीत नसते. माझ्या मते या कुळातील साधनांवरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. ती अंदाज करतात हे ठीक, पण 'येथे माझा अंदाज डळमळीत आहे' असे सूचीत कुठे लिहीत नाहीत. खात्रीची नोंद आणि संशयित नोंद एकाच अक्षरात छापल्यासारखी दिसतात.

याहून वेगळे दोन दोष सुरक्षिततेच्या नोंदींत आलेले आहेत. २०१४ साली असे आढळले, की एक्झ्युबरंट सीटॅग्जच्या ५.८ आवृत्तीपुढे विशिष्ट रीतीने लिहिलेली जावास्क्रिप्टची फाईल ठेवली, तर साधन न संपणाऱ्या फेऱ्यांत अडकते आणि डिस्क भरत जाते. २०२२ साली नोंदलेला दोष क्रम लावण्याच्या कामातला होता. सूचीच्या फाईलीचे नाव पुरेशी काळजी न घेता एका आज्ञेत जोडून ती आज्ञा प्रणालीकडे पाठवली जाई. त्यामुळे फाईलीच्या नावातच घातक आज्ञा दडवता येत असे. केवळ वाचण्याचे काम करणारे साधनही निरुपद्रवी असतेच असे नाही, हे या दोन्ही नोंदींवरून दिसते.

वरणगाव कुठे तुटते?

आता आपल्या घराजवळचा दोष पाहू. पायथन ही भाषा आज पुष्कळ ठिकाणी शिकवली जाते. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून तिच्यात फंक्शनची नावे देवनागरीतही लिहिता येतात. भुसावळ तालुक्यातील वरणगावला विज्ञानाच्या शिक्षकांशी बोलत असताना एका बाईंनी मला एक अडचण सांगितली. मुलांनी गावोगावच्या पावसाचा हिशेब करणारी आज्ञावली लिहिली होती. प्रत्येक गावाच्या नावाचे एक फंक्शन. उत्तरे बरोबर येत होती. पण फंक्शनांची यादी काढणाऱ्या छोट्या साधनाने यादी दिली, तेव्हा तिच्यात वरणगाव नव्हतेच, 'वरणग' होते. बाईंचा प्रश्न सरळ होता: "सर, मग मुलांना नावं इंग्रजीतच द्यायला सांगू का?"

उत्तर देण्याआधी कारण पाहायला हवे. अशी छोटी साधने बहुधा एका नमुन्यावर चालतात: व्याख्येच्या खुणेनंतर येणारी अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर घेत जा, वेगळे काही आले की थांबा. प्रश्न आहे तो अक्षर कशाला म्हणायचे याचा. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत व, र, ण, ग ही 'अक्षरे' आहेत. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही 'चिन्हे' आहेत. पायथनच्या नमुना-शोधनात शब्दातील वर्ण म्हणजे अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर, अशी व्याख्या आहे. चिन्हांना तिच्यात जागा नाही. त्यामुळे वरणगाव हा शब्द काना येताच थांबतो आणि त्याचे 'वरणग' व 'व' असे दोन तुकडे होतात. भुसावळचे तीन होतात: 'भ', 'स' आणि 'वळ'. धुळ्याचे नाव 'ध' आणि 'ळ' एवढेच उरते. यादीत फक्त पहिला तुकडा जात असल्यामुळे भुसावळ, भागाकार आणि भूमिती ही तीन वेगळी फंक्शने 'भ' या एकाच नावाखाली येतात.

गंमत अशी, की शहर, गवत, बदक यांसारखी काना-मात्रा नसलेली नावे पूर्ण येतात. कोणी 'शहर' हे नाव घेऊन चाचणी केली, तर साधन निर्दोष ठरेल. चाचणीसाठी कोणते उदाहरण निवडतो, यावर दोष दिसणार की लपणार हे ठरते.

मग आज्ञावली तरी चालली कशी? कारण पायथनचा मुख्य भाग नाव ओळखताना वेगळी व्याख्या वापरतो. तिच्यात पहिल्या अक्षरानंतर चिन्हे चालतात. म्हणजे एकाच भाषेच्या घरात 'नाव म्हणजे काय' याची दोन उत्तरे आहेत. हा दोष केवळ हौशी साधनांत होता असेही नाही. पायथनच्या सोबत येणाऱ्या 'टोकनाइझ' या विभागाचे काम आज्ञावलीचे सुटे शब्द पाडणे हे आहे, आणि अनेक साधने त्याच्यावर विसंबतात. ३.११ आवृत्तीपर्यंत त्या विभागातही नाव ओळखण्यासाठी हाच अपुरा नमुना होता. मुख्य भागाला मान्य असलेले वरणगाव हा विभाग 'वरणग', एक अनोळखी चिन्ह आणि 'व' असे तोडून देत असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ आवृत्तीत हा विभाग मुख्य भागाचीच यंत्रणा वापरू लागला आणि दुसरी व्याख्या तिथून गेली.

म्हणून बाईंना मी जे सांगितले ते असे. आज्ञावली परदेशातील सहकाऱ्यांनी वाचावी असे वाटत असेल, तर इंग्रजी नावे देण्यात शहाणपण आहे, कारण तिथे वाचणारे वेगळे आहेत. परंतु 'मराठी नावे संगणकाला कळत नाहीत' हे कारण खोटे आहे. दोष मराठीत नाही. दोष एका ओळीच्या व्याख्येत आहे आणि तो दाखवून देता येतो. मुलाने यातून 'आपल्या भाषेतच काहीतरी कमी आहे' असा निष्कर्ष काढला, तर ते नुकसान सुटलेल्या एका नावाहून मोठे आहे.

दुरुस्ती कशी करावी

हा दोष दुरुस्त करताना सुचणारे पहिले दोन उपाय फसवे आहेत. पहिला उपाय: अक्षरांचा विचारच सोडा आणि कंस येईपर्यंतचे सगळे नाव म्हणून घ्या. वरणगाव पूर्ण येते. पण कोणी नाव आणि कंस यांच्यामध्ये जागा सोडली, तर ती रिकामी जागाही नावाला चिकटते. शिवाय ज्या व्याख्येत कंसच नाही, तिथे नाव कुठे संपते हे कळत नाही.

दुसरा उपाय: नमुन्यात देवनागरीचा सगळा पट्टा घाला. मराठीचे काम होते. पण त्या पट्ट्यात वाक्य संपवणारा दंडही आहे, जो नावात कधीच येऊ शकत नाही. आणि खानदेशच्या सीमेपलीकडे कोणी गुजरातीत नाव दिले, की तेच दुखणे पुन्हा सुरू. हा उपाय म्हणजे आपल्या घरापुरती गळती थांबवणे.

तिसरा उपाय मूळ प्रश्नाकडे जातो. नाव कशाला म्हणायचे हे सूची करणाऱ्याने ठरवायचेच नाही, भाषेला विचारायचे. दिलेला शब्द नाव म्हणून चालेल का, हे तपासण्याची सोय पायथनमध्येच आहे. टोकनाइझची दुरुस्तीही याच दिशेची होती: चुकीची व्याख्या सुधारत बसण्याऐवजी दुसरी व्याख्याच काढून टाकली. मात्र तिची किंमतही पडली. जुना विभाग मोडक्या आज्ञावलीतूनही काहीतरी वाचून देत असे. नवा विभाग अशा पुष्कळ ठिकाणी चूक दाखवून थांबतो. अचूकता आणि सोशिकता यांतले किती काय घ्यायचे, हे दुरुस्ती करणाऱ्याला दर वेळी ठरवावे लागते.

एक चौथा, ढोबळ उपायही सांगायला हवा. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर आणि चिन्ह तीन बाइटांत लिहिले जाते, व त्या प्रत्येक बाइटचे मूल्य १२८ किंवा त्याहून अधिक असते. असे सगळे बाइट नावाचाच भाग मानायचे, एवढा नियम केला तरी वरणगाव अखंड राहते. या नियमाला मराठीचे काहीही ज्ञान नाही, तरी तो अक्षर-चिन्ह असा बारीक भेद करणाऱ्या नियमापेक्षा येथे बरा ठरतो.

तरीही मराठीचे सगळे प्रश्न सुटत नाहीत. 'ॲसिड' यातील ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधी अ वर चंद्र देऊन ते दोन संकेतांनी लिहिले जाई आणि आजही काही कळफलक तसेच लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटतात. 'वाऱ्याचा वेग' यातील ऱ्या लिहिण्याच्याही दोन रीती आहेत. त्यांपैकी अदृश्य जोडचिन्ह वापरणारी रीत पायथन नावात स्वीकारतच नाही. क्रमाचेही असेच आहे. संकेतांच्या क्रमाने लावल्यास ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो आणि ॲ तर ह च्याही नंतर. यंत्राला शोधण्यासाठी हा क्रम चालतो. मराठी वर्णमालेच्या सवयीने यादी वाचणाऱ्याला मात्र ळ हा ह नंतर हवा असतो. या दोन गरजा वेगळ्या आहेत, म्हणून शोधण्याची यादी आणि वाचण्याची यादी वेगवेगळ्या लावाव्यात.

युनिव्हर्सल सीटॅग्जची एक पद्धत सर्वांनी उचलण्यासारखी आहे. दोष दुरुस्त केला, की तो दाखवणारी छोटीशी फाईल आणि तिची अपेक्षित सूची अशी जोडी कायमची जपून ठेवायची. पुढे कोणीही काहीही बदलले तरी या सगळ्या जोड्या पुन्हा तपासल्या जातात. याशिवाय फाईली मध्येच छाटून किंवा त्यांतले एखादे अक्षर बदलून साधन अडकते का, हेही पाहिले जाते. ठाऊक असलेले पण अजून न सुटलेले दोषही वेगळी खूण करून ठेवता येतात. जे जमत नाही ते लिहून ठेवणे, हा प्रामाणिकपणा आपल्या प्रयोगवहीतही असावा.

वर्गात करण्याजोगे

यासाठी संगणक असलाच पाहिजे असे नाही. विज्ञानाच्या पुस्तकातील एक पान घ्या. एका गटाने 'या पानावरील संज्ञा कशा ओळखायच्या' याचा नियम दोन वाक्यांत लिहावा. दुसऱ्या गटाने स्वतःची अक्कल न वापरता तो नियम अक्षरशः पाळून सूची करावी. तिसऱ्या गटाने नियम न पाहता, पान नीट वाचून सूची करावी. मग दोन्ही सूच्या फळ्यावर शेजारी लिहून भलती नावे आणि सुटलेली नावे मोजावीत. नियम दुरुस्त करून पुन्हा तेच करावे. एक चूक सुधारताना दुसरी कशी उगवते, हे मुलांना पाच मिनिटांत दिसते. संगणक असेल तर वरणगाव, भुसावळ, धुळे आणि शहर ही चार नावे देऊन वरचा प्रयोग करावा. आपल्या गावाचे नाव किती तुकड्यांत पडेल, हे मुलांनी आधी कागदावर लिहावे आणि मग पडताळून पाहावे.

थोडक्यात, सीटॅग्ज व त्याच्या कुळातील साधनांचे मोल मोठे आहे. साधी रचना, अंदाज करण्याचे धाडस आणि चाचण्यांची शिस्त यांमुळे ही परंपरा चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकली. तिच्यात उणीव आहे ती संशय व्यक्त करण्याची. ती उणीव भरून निघेपर्यंत हा संशय वापरणाऱ्याने बाळगायला हवा. सूचीत नाव नसेल, तर 'ते नाही' असे म्हणण्यापूर्वी 'या सूचीने नाव कशाला म्हटले आहे?' असे विचारायला मुलांना शिकवावे.